दोष काचेचा की खोलीचा

माझ्या हातच्या आरशात खोट आहे असं मला पहिल्यांदा सांगितलं गेलं, ते आरसा न बघताच. मी तेव्हा तुमसरजवळच्या एका गावात हायस्कूलला विज्ञान शिकवत होते. लग्नाला फार दिवस झाले नव्हते आणि दुर्बिणीसाठी सहा इंची काच घासायला घेतली होती. हे कानावर गेल्याबरोबर आमचे हेडमास्तर म्हणाले, "मॅडम, बाहेरचा विकत घेतलेला बरा. घरी केलेल्यात काही ना काही खोट राहतेच." मी विचारलं, "सर, तुमच्या घरचं लोणचं?" मी अशीच होते, आणि आजही फारशी सुधारलेली नाही.

हे वेड लागलं नागपुरात. बी.एड.च्या वर्षी एका प्राध्यापकांनी उन्हाळ्याच्या सुटीत आरसे घासायचा वर्ग घेतला होता. एका काचेवर दुसरी काच, मध्ये कार्बोरंडमची खरखरीत पूड आणि पाणी, आणि हात मागेपुढे. वरची काच, म्हणजे पुढे आरसा व्हायची ती, हळूहळू खोलगट होत जाते, खालची फुगीर. मग बारीक पूड, त्याहून बारीक, आणि शेवटी राळेच्या थरावर पॉलिश. एवढंच. त्यात जादू नाही, चिकाटी आहे. वर्गात मी एकटीच बाई. सर शिकवायचे फार छान, त्यात वाद नाही, पण माझ्यापाशी आले की म्हणायचे, "तुम्ही नुसतं बघितलं तरी चालेल." मी बघितलं, आणि जे बघितलं ते सगळं डोक्यात भरून घेतलं. वर्ग संपला त्या दिवशी सर सगळ्यांना म्हणाले, "घरी करायच्या भानगडीत कुणी पडू नका. घासणं होईल, पण घरी टेस्टिंग होत नाही." मी तिथेच ठरवलं, करायचं तर घरीच.

सासर शेतकऱ्यांचं. तळ्याच्या पाळीखाली धानाची बांधी, म्हणजे भाताची खाचरं; घरात बैल, म्हशी, माणसं. नवरा भंडाऱ्याला कचेरीत होता, शनिवारी यायचा. त्यानं गोठ्याच्या कडेला लोखंडी ड्रम वाळूनं भरून दिला आणि त्यावर लाकडी फळी ठोकून दिली. त्या फळीवर खालची काच पक्की करून मी वरची काच घासत ड्रमाभोवती फिरायची. एका जागी उभं राहून घासलं तर काच एकीकडेच झिजते, म्हणून फिरावं लागतं. शाळेतून आले की पदर खोचून माझ्या फेऱ्या सुरू. पाण्याला जाणाऱ्या बाया कुंपणाशी थांबायच्या.

"कोनतं व्रत हाय वो मास्तरीनबाई?"

"काचेश्वराचं."

"नवऱ्यासाठी काय?"

"नाई. माझ्यासाठी."

त्या हसत हसत निघून जायच्या. सासूबाई मात्र हसायच्या नाहीत. सुनेनं गोठ्यात ड्रमाला प्रदक्षिणा घालाव्यात यात त्यांना हसण्यासारखं काही वाटत नव्हतं.

आता मामाजींविषयी सांगायला हवं. मामाजी म्हणजे माझे सासरे. उंच, बारीक, कमी बोलणारे. धान वाळला की नाही हे सांगण्यात त्यांचा शब्द गावात शेवटचा होता. खळ्यावर जायचे, मूठभर धान उचलायचे, एक दाणा दाताखाली धरायचे. कट्ट वाजलं की म्हणायचे, "भर." नाही वाजलं तर दाणा थुंकून चालू लागायचे. लोक आपल्या खळ्यावर त्यांना मुद्दाम बोलावून न्यायचे. माझ्याशी त्यांचं वैर नव्हतं, पण माझं काम त्यांना माकडचेष्टा वाटायचं. कधी ड्रमापाशी थांबून विचारायचे, "झाली का वो काच?" आणि उत्तर न ऐकताच पुढे जायचे. त्या न ऐकण्याचा मला भारी राग यायचा.

घासणं झालं, पॉलिश झालं, आणि दिवाळीच्या सुटीत टेस्टिंगची वेळ आली. सर म्हणाले होते घरी होत नाही. घरात मिट्ट अंधाराची एकच जागा होती, धानाची खोली. घराच्या पोटात, खिडकी नाही, मातीच्या जाड भिंती. माणसं पडवीत झोपायची आणि धान सगळ्यात चांगल्या खोलीत, अशी आमच्या घरची व्यवस्था. दिवाळीत ती खोली रिकामी असते, नवा धान अजून यायचा असतो. मी भरदुपारी दार लावून तिथे बस्तान मांडलं. एका टोकाला स्टँडवर काच, आठ फुटांवर दुसऱ्या टोकाला मी. दुधाच्या पावडरीच्या डब्यात टॉर्चचा बल्ब, डब्याला सुईच्या टोकानं पाडलेलं भोक, आणि ठोकळ्यावर नवऱ्याचं दाढीचं ब्लेड. भोकातून निघालेला प्रकाश काचेवर जातो आणि परत येऊन भोकाशेजारीच एका ठिपक्यात गोळा होतो. त्या ठिपक्याच्या मागे डोळा लावायचा आणि बाजूनं ब्लेड अगदी हळू आत सरकवायचं. काच आधी पुनवेच्या चंद्रासारखी उजळलेली दिसते. ब्लेडनं ठिपक्याला कापायला सुरुवात केली की तिच्यावर सावल्या उमटतात, आणि त्या सावल्या सगळं सांगतात. केसाच्या हजाराव्या हिश्शाएवढा उंचवटाही टेकडीसारखा दिसतो.

माझी काच दिसली गुळगुळीत, मधोमध किंचित दबलेल्या वड्यासारखी. जशी दिसायला हवी तशीच. मी त्या अंधारात एकटी हसले. कुणाला दाखवणार? दाखवलं असतं तरी वडाच दिसला असता.

पण माझ्या एकटीच्या पाहण्याला घरात किंमत नव्हती. सासूबाई एके दिवशी मामाजींना ऐकवून म्हणाल्या, "आता पोरगी पाहाले घरात पाहुने येतीन, आन सून काच घेऊन बसून राहिली. कधी संपन हे?" धाकट्या नणंदेचं बघत होते, ते खरं होतं. त्याच आठवड्यात नवऱ्यानं बातमी आणली की नागपूरचे सर डिसेंबरात तुमसरच्या कॉलेजात व्याख्यानाला येणार आहेत आणि आपल्याकडे येऊन काच बघायला कबूल झाले आहेत. मामाजींनी जेवता जेवता निकाल देऊन टाकला.

"तो सर चांगली म्हनन, त तुले पायजे तवा धानाची खोली. कोनी काही बोलनार नाई. खराब म्हनन, त काच तळ्यात. मंग हा धंदा बंद."

"कबूल," मी म्हणाले. नवऱ्यानं माझ्याकडे डोळे वटारून पाहिलं. पण मला त्या काचेची खात्री होती.

त्या साली नोव्हेंबरात आभाळ सारखं भरून यायचं. पाऊस पडला नाही, पण आता येतो, मग येतो अशी टांगती तलवार. सगळ्या गावानं चुरणा, म्हणजे मळणी, घाईघाईत उरकली. मामाजी दहा खळ्यांवर दाणे चावत फिरत होते, आणि आपलं खळं त्यांनी संध्याकाळी, सगळ्यात शेवटी पाहिलं. राशीच्या वरचा दाणा चावला, कट्ट वाजला, म्हणाले, "भरा." खोलीत दोन मोठ्या ढोल्या होत्या. ढोली म्हणजे बांबूची विणलेली, शेणामातीनं लिंपलेली, माणसाहून उंच कणगी. त्या भरल्या, तोंडं लिंपून बंद केली, हळदकुंकू वाहिलं. आमच्या घरची रीत अशी की एकदा लिंपलेली ढोली संक्रांतीपर्यंत उघडायची नाही. लागेल तेवढा खायचा धान बाहेर पोत्यांत असतो.

दोन ढोल्यांच्या मध्ये अरुंद बोळ उरला होता, जेमतेम आठ फूट लांब. सर यायच्या सकाळी मी काच त्या बोळात, डावीकडच्या ढोलीला खेटून मांडली. मला त्यात वावगं काहीच वाटलं नाही. धान आमच्या घरात भिंतीसारखा असतो; त्याच्याकडे कुणी बघत नाही.

सर आले. नवरा त्यांना तुमसरहून स्कूटरवर घेऊन आला होता आणि परतीची गाडी गाठायची म्हणून ते पहिल्यापासून घड्याळ बघत होते. खोलीत सर, मी, दाराच्या आत मामाजी आणि सासूबाई. दार ओढून घेतलं. सर ब्लेडमागे वाकले, ब्लेड दोनदा मागेपुढे सरकवलं.

"बघा तुम्ही," म्हणाले.

मी बघितलं. माझा वडा गेला होता. सावली तिरकी, काचेच्या डाव्या बाजूला एक मोठा फुगवटा, सगळा आकार अंड्यासारखा ओढलेला.

"थोडं हलतंय ती हवा, ते मला कळतं," सर म्हणाले. "पण हा डावीकडचा फुगवटा हलत नाहीये. काच पिळलेली आहे. साध्या काचेचं असं होतं, आणि हाताचा दाब सारखा नसला की होतंच. याला इलाज नाही. वाईट वाटून घेऊ नका, पहिला प्रयत्न आहे."

"म्हणजे खराब?" मागून मामाजींनी विचारलं.

"खराब."

मामाजींनी दार ढकलून उघडलं. उजेड आला. सासूबाईंनी सुटकेचा श्वास सोडला, तो मला स्पष्ट ऐकू आला. माझे कान तापले होते. मी म्हणाले, "सर, दिवाळीत हीच काच याच खोलीत चांगली दिसली होती."

सर हसले. वाईट हसले नाहीत, पण हसले. "मॅडम, नाचता येईना अंगण वाकडं."

"सर, अंगण कधी कधी वाकडं असतंच. दार लावा. मला काच फिरवून बघायची आहे."

हे मला त्यांनीच शिकवलं होतं. दोष काचेत असेल तर काच फिरवली की दोषही तिच्याबरोबर फिरतो. डावीकडचा फुगवटा वर जातो, मग उजवीकडे. काच फिरली आणि दोष जागच्या जागी राहिला, तर तो काचेचा नाही. वर्गात त्यांनी प्रत्येकाकडून हे करून घेतलं होतं. माझ्या घरात त्यांना त्याची गरज वाटली नाही, कारण माझी काच खराब असणार हे त्यांना बसमध्ये बसतानाच ठाऊक होतं.

मामाजी म्हणाले, "सूनबाई, सर बोलले ना? आता पुरे."

"पुरे नाई मामाजी. दार लावा." मी त्यांच्याशी त्या सुरात कधीच बोलले नव्हते. त्यांनी दार लावलं.

मी स्टँडवरची काच पाव वळसा फिरवली. माझ्या हातांची ऊब काचेवरून उतरेपर्यंत आम्ही अंधारात उभे राहिलो. मग मी ब्लेडमागे वाकले. फुगवटा डावीकडेच. पुन्हा पाव वळसा, पुन्हा थांबणं. फुगवटा तिथेच, हट्टी म्हशीसारखा. मी बाजूला झाले आणि म्हणाले, "बघा सर."

सरांनी बघितलं. या वेळी घड्याळ बघायला विसरले. हळूच म्हणाले, "काचेत नाहीये."

मग कशात? मी अंधारात चाचपडत काचेपाशी गेले, स्टँड हलतो का बघायला, आणि तोल सावरायला म्हणून हात ढोलीवर टेकला. डिसेंबरची थंडी, मातीच्या भिंती गार पडलेल्या. ढोलीही गार हवी होती. ती गाईच्या पोटासारखी उबदार होती. तिच्या अंगावरून ऊन हवा वर चढत होती आणि माझ्या काचेच्या डाव्या कडेवरून जात होती. सरांना दिसलेला फुगवटा हवेचा होता. आणि हवा तापली होती, कारण आत धान तापला होता. धान तापतो तो एकाच कारणानं.

मी दार उघडलं आणि म्हणाले, "मामाजी, काच चांगली आहे का नाई ते मागून पाहू. तुमचा धान ओला भरला आहे."

सासूबाई म्हणाल्या, "अवो, बोलाले काही ताळतंत्र?"

मामाजींचा चेहरा मी विसरणार नाही. गावभरच्या धानाचा न्याय करणाऱ्या माणसाला त्याची सून, पाहुण्यासमोर, त्याच्याच घरात सांगत होती की तुझा धान ओला आहे. आणि तेही एका काचेच्या तुकड्यावरून. ते थंडपणे म्हणाले, "मी दातानं पाह्यला."

"वरचा पाह्यला. आतला नाई."

"संक्रांतीपर्यंत ढोली उघडत नसते."

"मंग संक्रांतीले पिवळा तांदूळ खाऊ," मी म्हणाले, आणि खाली बसून ढोलीच्या बुडाशी असलेलं लिंपलेलं तोंड कोपऱ्यात पडलेल्या उलथण्यानं फोडलं, आतला बोळा ओढून काढला. सासूबाई ओरडल्या. आधी धान आला नाहीच, ढेकूळ अडकलं होतं. मग ते सुटलं आणि सळसळत माझ्या पायांवर धान आला. त्याबरोबर आंबूस वास. वाफ दिसली असं मी म्हणणार नाही, पण वास सगळ्यांनी घेतला.

मामाजी खाली बसले. त्यांनी भोकातून कोपरापर्यंत हात आत घातला आणि तसाच ठेवला. हातच्या कांकणाला आरसा कशाला, असं म्हणतात. ते उठले, माझ्याकडे न बघता बाहेर गेले आणि अंगणातून गड्यांना हाका मारू लागले. पुढचा तासभर घरात एकच धांदल उडाली. ढोल्या फोडल्या, टोपल्यांनी धान खळ्यावर नेला, ताडपत्र्या पसरल्या. नवराही टोपली उचलायला लागला. सर बोळाच्या तोंडाशी उभे होते आणि त्यांना कुणी चहासुद्धा विचारला नाही. शेवटी मीच विचारला. ते म्हणाले, "राहू द्या. गाडी जाईल." मग जरा थांबून, "खोली गार झाली की पुन्हा बघा. मी आता काहीच सांगू शकत नाही." मला राग आला होता, तरी त्यांच्या चेहऱ्यावरचा ओशाळलेपणा खरा होता, एवढं मी कबूल करते.

मधला थोडा धान पिवळा पडला, बाकीचा वाचला. त्या आठवड्यात गावात एकच चर्चा. मास्तरणीच्या काचेत ओला धान दिसतो! एक म्हातारे गृहस्थ धोतराच्या सोग्यात धान बांधून आले आणि म्हणाले, "बाई, एकदा काचेले दाखवजो." मी त्यांना समजावून थकले. काचेला काही दिसत नाही, दिसतं ते आपल्याला, वगैरे. ते म्हणाले, "तरी पन दाखव." मी दाखवला. समाधान होऊन गेले.

धान खळ्यावर उन्हात होता, खोली रिकामी आणि गार झाली होती. एका रविवारी दुपारी मी पुन्हा दार लावून बसले. ब्लेड सरकवलं. डावीकडचा फुगवटा नाहीसा झाला होता. वडा परत आला होता, सुरेख. आणि त्याच्या काठावर, सगळीकडून, एक बारीक चमकती कड होती.

मी काच फिरवली नाही. कड सगळ्याच बाजूंनी असली की फिरवायची गरज नसते. हा दोष हवेचा नव्हता. शेवटच्या पॉलिशला माझा हात काठापलीकडे लांब गेला होता, त्यानं काठ खाली खचला होता. दिवाळीत मी तो बघितला नव्हता, कारण तेव्हा मला काच चांगलीच दिसायला हवी होती. खचलेल्या काठाच्या आरशातून तारे धुरकट दिसतात. सर चुकले होते, पण काच खराब होती.

या जिल्ह्यात ही कड ओळखणारं दुसरं कुणी नव्हतं. "चांगली आहे" म्हणाले असते तर पैज जिंकले असते, आणि आता सगळं गाव माझ्या बाजूनं होतं. मला स्वतःचाच असा संताप आला की डोळ्यांत पाणी आलं. एवढ्या लोकांशी भांडून मी ही काच वाचवली होती, ती काय खोटं बोलण्यासाठी?

दार करकरलं. मामाजी होते. धान खोलीत परत आणायचा होता, तो वाळला होता. त्यांच्या मुठीत दाणे होते. ते आत आले, ब्लेडकडे, डब्याकडे, काचेकडे बघितलं. या सगळ्या दिवसांत ते माझ्याशी एक शब्द बोलले नव्हते.

"तो सर गेला," ते म्हणाले. "तू सांग. काच चांगली का खराब?"

हा प्रश्न त्या घरात मला कुणी आजवर विचारला नव्हता. आणि यावेळी ते उत्तरासाठी थांबले होते.

"खराब आहे मामाजी," मी म्हणाले. "काठ खचला आहे. माझ्या हातानं खचला."

मी उठून काचेसमोर उभी राहिले. "पन तळ्यात टाकनार नाई. तुमचा धान खराब निघाला, तर तुमी तळ्यात टाकला का? बाहेर काढला, वाळवला. मी पन पुन्हा घासीन. पुन्हा खराब झाली, तर पुन्हा घासीन."

मामाजी मुठीतले दाणे बोटांनी चोळत राहिले. मग विचारलं, "किती दिवस लागतीन?"

"उन्हाळा लागन."

ते दाराकडे वळले आणि बाहेर थांबलेल्या गड्यांना म्हणाले, "धान पडवीत ठेवा."